रिकामा महिना

अमेरिकेतल्या मिनेसोटात एका रस्त्याच्या रुंदीकरणाआधीचं वन्यजीव सर्वेक्षण माझ्याकडे होतं. जुलै महिना. रानाच्या कडेला जांभळी रानफुलं बहरलेली आणि त्यांवर मला हवी ती 'रस्टी पॅच्ड' बंबल बी, म्हणजे तांबूस डागाची गुबगुबीत, केसाळ रानमधमाशी! परवाना असल्याशिवाय हिला हात लावता येत नाही. कुपीत घेऊन बर्फावर जरा गार केली, तशी शांत झाली. पाठीकडून पोटाच्या दुसऱ्या पट्ट्यावर मधोमध तांबूस डाग. शंकाच उरली नाही. फोटो काढले, ऊन लागताच ती उडाली. रोग, कीटकनाशकं आणि फुलांची माळरानं संपणं यांमुळे हिचा पूर्वीचा सुमारे ८७ टक्के प्रदेश गेला. २०१७ साली ती संकटग्रस्त ठरली.

रात्री त्याच रानातल्या पायवाटेवर जाळं लावलं. अकराच्या सुमारास नॉर्दर्न लाँग-इअर्ड वटवाघूळ सापडलं. कान पुढे दुमडला तर नाकाच्याही पुढे जातो, तीच ओळख. जेमतेम सात ग्रॅमची मादी, स्तनाग्रांभोवतीचे केस गेलेले. म्हणजे पिल्लू जवळच कुठल्यातरी झाडाच्या सालीखाली, आणि वर्षाला होतं ते एकच. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका गुहेत पांढऱ्या नाकाचा बुरशीरोग पहिल्यांदा दिसला. बुरशीमुळे वटवाघळं हिवाळी झोपेतून पुन्हापुन्हा जागी होतात, साठवलेली चरबी संपते आणि उपाशी मरतात. त्यांचा पंख बोटांत उलगडून डाग शोधताना माझा जीव नेहमी वरखाली होतो. या मादीचा पंख स्वच्छ होता. इतका आनंद झाला म्हणून सांगू!

आता मुद्दा रुंदीकरणासाठीच्या झाडतोडीचा. वटवाघळांसाठी ती हिवाळ्यात करावी, तेव्हा वटवाघळं गुहांमध्ये असतात. पण बंबल बीची जुनी वसाहत थंडीआधीच मरून जाते. उरतात फक्त नव्या राण्या, झाडांखालच्या भुसभुशीत मातीत, अगदी वरच्या थरात. बुलडोझर फिरला की पुढच्या वर्षीच्या वसाहती तिथेच संपल्या. उन्हाळ्यात बुंधे उपटावेत, तर उंदरांच्या जुन्या बिळांत बंबल बीची घरटी.

अशा वेळी कोणता जीव मोलाचा, हे मला विचारतात. मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. त्या रानात एकही महिना रिकामा नाही. गोठलेल्या जमिनीवर, माती न उकरता झाडं कापणं ही तडजोड झाली, आणि तीही मी अहवालात दिली. पण तिच्याआधी, पहिल्याच पानावर लिहिलं: रुंदीकरण रस्त्याच्या पलीकडे घ्या, तिकडे मक्याचं शेत आहे.