दीडशे सीसीच्या गाडीवर लांबचा प्रवास: माझा अनुभव

लहान बाईकवर लांबचा प्रवास होतो का, असं कुणी विचारलं की मी आधी तीन गोष्टी विचारतो. दिवसाला किती किलोमीटर जायचं आहे, सामान किती आहे आणि मागे कुणी बसणार आहे का. सीसीचा आकडा त्यानंतर. माझी गाडी १५० सीसीची, एअरकूल्ड (वाऱ्यानेच थंड होणारी), एका सिलिंडरची, साधारण १३ एचपीची. मैदानातले सरळ हायवे, लांबलचक घाट, समुद्राकाठचे वाऱ्याचे रस्ते आणि शेवटी चार हजार मीटरवरची खिंड, हे सगळं मी तिच्यावर केलं. त्यामुळे माझं उत्तर 'होतो' असंच आहे. पण त्यासाठी काय काय करावं लागलं ते सांगितल्याशिवाय या उत्तराला अर्थ नाही.

निघण्याआधी जवळजवळ प्रत्येकाने मोठी गाडी घ्यायचा सल्ला दिला. तो काळजीपोटी होता, तरी मला पटत नव्हता, कारण याहून लहान गाड्यांवर याहून कितीतरी मोठे प्रवास झालेले आहेत. लॉइस प्राइस या ब्रिटिश बाईने २००३ मध्ये २२५ सीसीची यामाहा घेऊन अलास्कातलं अँकरेज सोडलं आणि ती दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, उशुआयाला पोचली. नेथन मिलवर्डने २००९ मध्ये सिडनीहून लंडन गाठलं ते टपाल वाटपातून निवृत्त झालेल्या होंडा सीटी ११० वर. तिचं इंजिन १०५ सीसीचं! ही माणसं वाटेत कुठे कुठे अडली असतील, पण गाडी लहान आहे म्हणून प्रवास अशक्य झाला असं काही झालं नाही. तेव्हा 'जमेल का' हा प्रश्न मी सोडून दिला आणि 'कसं जमेल' याच्या मागे लागलो.

लहान आणि मोठ्या गाडीतला फरक लोक टॉप स्पीडमध्ये मोजतात. मला तो शिल्लक ताकदीत दिसतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने. म्हणजे ६० वरून ९० वर गेलं तर वेग दीडपट होतो, पण हवा कापायला जवळजवळ ३.४ पट ताकद लागते. मोठी गाडी ९० ने चालते तेव्हा तिची निम्म्याहून जास्त ताकद हाताशी असते. माझी ९० ला पोचते तेव्हा चढ आला, समोरून वारा आला किंवा पटकन पुढे निघायची वेळ आली तर काढायला फारसं काही उरत नाही. ही शिल्लक इंजिनात नसेल तर ती दुसरीकडून काढावी लागते: वजन कमी करून, वेग उतरवून, वेळ जास्त ठेवून. माझी सगळी तयारी या एका हिशोबाभोवती फिरली.

सुरुवात वजनापासून केली. गाडीच्या पुस्तिकेत एकूण वजनाची कमाल मर्यादा दिलेली असते. त्यातून भरल्या टाकीसह गाडीचं वजन वजा केलं की चालवणारा, मागे बसणारा आणि सामान मिळून किती चालेल ते निघतं. माझ्या गाडीवर हा आकडा १५० किलोच्या आसपास आला. हेल्मेट, बूट, जॅकेट चढवून मीच ८५ किलो भरतो. कागदावर उरले ६५, पण मर्यादेपर्यंत भरायचं नाही हे आधीच ठरवलं होतं. सामान १८ किलोवर थांबवलं. त्यासाठी दोनदोनदा पिशव्या उपसल्या, कपडे निम्मे केले, जाडजूड तंबू काढून हलका घेतला.

किती न्यायचं याइतकंच ते कुठे बांधायचं हेही महत्त्वाचं. जड वस्तू मागच्या चाकाच्याही मागे लटकल्या की पुढचं चाक हलकं होतं, हँडल सैल वाटायला लागतं आणि १४० किलोच्या गाडीवर ते लगेच जाणवतं. म्हणून हत्यारं, सुट्टे भाग, पाणी असं सगळं जड सामान दोन्ही बाजूंच्या सॅडलबॅगमध्ये, जमेल तितकं खाली आणि पुढे. सीटवरच्या पिशवीत कपडे आणि झोपायची पिशवी. बॅगा मापात ठेवल्या, कारण रुंद बॅगा हवेत अडतात आणि ती किंमत इंजिन दिवसभर मोजत राहतं.

गाडीच्या कामात मी कंजुषी केली नाही. ऑईल, एअर फिल्टर, प्लग, ब्रेक शू, दोन्ही चाकांची बेअरिंग सगळं तपासून जे अर्धं झिजलं होतं तेही बदललं. बरोबर क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबल, एक प्लग, चेनची जोडकडी, फ्यूज, दोन्ही चाकांच्या ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या आणि छोटा पंप. लहान गाडीचं एक सुख इथे कळतं: तिला बहुधा मेन स्टँड असतो. चाक अधांतरी करून चेनला तेल देणं किंवा पंक्चर काढणं एकट्याला जमतं. रस्त्याच्या कडेला मी मागची ट्यूब बदलली तेव्हा कुणाची मदत लागली नाही. अडीचशे किलोच्या गाडीवर तेच काम करताना मी मित्रांना घामाघूम होताना पाहिलंय.

विजेचा हिशोब मात्र लोक विसरतात. लहान गाडीचा अल्टरनेटर बेताचीच वीज बनवतो. त्यावर जादा दिवे, फोनचा चार्जर, गरम होणाऱ्या मुठी असं सगळं लादलं तर बॅटरी हळूहळू उतरत जाते. मी फक्त फोनचा चार्जर जोडला आणि अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचायचं हे ठरवूनच टाकलं.

पहिले काही दिवस हायवेवर गेले आणि गाडीचा खरा वेग तिथे सापडला. ७० ते ७५. या वेगात इंजिन घोंगावत नाही, हँडलची थरथर सहन होते आणि लिटरला ५० च्या जवळपास ऍव्हरेज मिळतं. ८५ ला तेच इंजिन तक्रार करायला लागतं आणि टाकी लवकर रिकामी होते. १२ लिटरच्या टाकीवर पेट्रोलची चिंता जवळजवळ करावीच लागली नाही, आणि ओसाड पट्ट्यात हा मोठाच दिलासा असतो. दिवसाला २५० ते ३०० किलोमीटर हे माझं माप ठरलं. थांबे धरून सरासरी ताशी ४५ च्या आसपास पडते, म्हणजे सकाळी लवकर निघून दुपार उतरेपर्यंत दिवस संपतो. दिवसाला ६०० किलोमीटर कापणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये असं मी स्पष्ट सांगतो.

हायवेचा धोका मी कमी लेखणार नाही. आपला वेग इतरांपेक्षा कमी असला की सगळं काही मागून येतं. मोठा ट्रक शेजारून जाताना आधी हवा बाहेर ढकलते आणि तो पुढे गेला की आत ओढते. हलकी गाडी यात हातभर सरकते. हँडल आवळून धरलं तर ती जास्त डुलते. कोपर सैल, गुडघे टाकीला घट्ट, नजर लांब, एवढ्याने ती सावरते. अगदी कडेला न जाता मी लेनमध्ये जागा धरून चालायचो आणि आरशात सतत पाहायचो. ओव्हरटेक करायचा तर आधी एक गिअर उतरवून, समोर भरपूर मोकळा रस्ता दिसला तरच. समोरून ताशी २० चा वारा असेल तर ८० च्या वेगाला हवेचा जोर दीडपटीहून जास्त होतो. समुद्राकाठी असे वारे दिवसभर होते. तिथे मी सरळ ६० वर आलो आणि मुक्काम अलीकडे घेतला.

शिवाय सगळे रस्ते लहान गाड्यांना खुले नसतात. जपानमध्ये १२५ सीसी आणि त्याखालच्या गाड्यांना एक्सप्रेसवेवर प्रवेश नाही, ब्रिटनमध्ये ५० सीसीच्या आतल्या गाड्यांना मोटरवेवर नाही. आपल्या मार्गावरचा नियम आधीच पाहून ठेवावा, कारण एका बंद रस्त्याने दिवसाचं अंतर बरंच वाढू शकतं. मी पुढे मोठे रस्ते मुद्दाम टाळायला लागलो. जुन्या, वळणावळणाच्या दुय्यम रस्त्यांवर कुणीच ८० च्या वर जात नाही. तिथे माझी गाडी कुठल्याही मोठ्या गाडीच्या बरोबरीची होती. वळणात ती मनात येताच झुकते, खराब रस्त्यावर तिला हाताने सावरता येतं, चिखलात आडवी झाली तरी एकट्याने उभी करता येते. प्रवासातले माझे सगळ्यात आनंदाचे दिवस याच रस्त्यांवरचे.

मधल्या टप्प्यात दोन मित्र ४०० सीसीच्या गाड्या घेऊन सोबत आले. माझ्यासाठी हळू चालवताना त्यांचा जीव मेटाकुटीला यायचा आणि त्यांना गाठताना माझी गाडी पिळून निघायची. दुसऱ्या दिवशी त्यातला एक म्हणाला, "तू तासभर आधी निघत जा, आम्ही पुढच्या थांब्यावर गाठतो." तेव्हापासून सगळं सुरळीत झालं. लहान गाडीवाल्याने मोठ्या गाड्यांच्या रांगेत ओढला जाऊ नये, यात मला मैत्रीचा कुठलाच अपमान वाटत नाही.

घाटासाठी मी पुढचं १५ दात्यांचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, काढून १४ चं बसवलं. चाकावर ओढ सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, त्याच वेगाला इंजिन तेवढंच जास्त फिरतं आणि चेन पुन्हा ताणून घ्यावी लागते. ज्या गाड्यांचा स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून वेग मोजतो त्यांचा आकडा यानंतर फसवा होतो. माझा पुढच्या चाकावरून चालतो. चढावर मी गिअर लवकर उतरवायचो. वरच्या गिअरमध्ये ठोके देत रेटलेलं इंजिन जास्त त्रास सोसतं, आणि एअरकूल्ड इंजिनाला तर हळू वेगात वाराही कमी मिळतो. त्यामुळे लांब चढावर अधूनमधून थांबून ते निवू द्यायचो. उतारावर जो गिअर चढायला लागला तोच ठेवायचा, कारण मागच्या ड्रम ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की तो तापून ढिला पडतो.

खिंडीचा दिवस सगळ्यात कठीण गेला. चार हजार मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश दाट असते. इंजिनाची ताकदही साधारण त्याच प्रमाणात घटते, म्हणजे माझ्याकडे नऊएक एचपी उरले. फ्युएल इंजेक्शन, म्हणजे इंजिनाला पेट्रोल मोजून देणारी यंत्रणा, विरळ हवेप्रमाणे पेट्रोलचं प्रमाण जुळवून घेतं, म्हणून गाडी काळा धूर न सोडता नीट चालते. पण नसलेला ऑक्सिजन ते आणणार कुठून? शेवटचे किलोमीटर मी पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये काढले. मागून येणाऱ्याला वाट दिली, तीव्र वळणाआधी वेग तुटू दिला नाही, आणि गाडी वर पोचली. वाचवलेला एकेक किलो त्या चढावर कामाला आला.

शरीराचं म्हणाल तर त्रास दोन ठिकाणी झाला. अरुंद सीटवर दीड तासानंतर बसवत नाही, आणि एका सिलिंडरच्या थरथरीने उजव्या हाताची बोटं बधिर होतात. सीटचा फोम कडक आणि थोडा रुंद करून घेतला, हँडलच्या टोकांना जड वजनं लावली, मुठी जाड केल्या. तरीही खरा इलाज दर तास-सव्वातासाने उतरून चालणं हाच. त्या थांब्यात टायर चाचपायचे, चेनकडे नजर टाकायची. अशा इंजिनात ऑईल असतं लिटरभर, त्यातलं थोडं कमी झालं तरी फरक पडतो, म्हणून गाडी सरळ उभी करून एक दिवसाआड पातळी बघायची. चेनला दर ५०० किलोमीटरला तेल, पाऊस लागला तर त्याच संध्याकाळी.

डबलसीट प्रवासाला मात्र ही गाडी मी सुचवणार नाही. मागे माणूस बसला की वजनाची मर्यादा संपते, सामानाला जागा उरत नाही, ब्रेक आणि मागचे शॉकॲब्सॉर्बर दोन्ही अपुरे पडतात, आणि ओव्हरटेक करताना दोघांचा जीव पणाला लागतो. मार्ग बहुतांश जलद हायवेचा असेल तरीही नाही. तिथे २५० सीसीच्या पुढची गाडीच बरी. एकटा माणूस, आवरतं सामान, पुरेसे दिवस आणि दुय्यम रस्ते असतील, तर आहे त्या गाडीवर निघावं. मोठ्या गाडीसाठी पैसे साठेपर्यंत प्रवास लांबणीवर टाकू नये असं मला कळकळीने वाटतं.

परत आल्यावर गाडी पूर्ण उघडून तपासायची असं मनात होतं. मेकॅनिकने कॉम्प्रेशन मोजलं, व्हॉल्व्हची फट नीट केली आणि इंजिन उघडायची गरज नाही म्हणाला. मागचा टायर, चेनसेट आणि मागचे ब्रेक शू बदलले. क्लच प्लेट घाटांनी बऱ्याच खाल्ल्या होत्या, त्याही नव्या टाकल्या. १५ दात्यांचं स्प्रॉकेट परत बसवलं, आणि १४ चं पुढच्या घाटांसाठी हत्यारांच्या पिशवीत जपून ठेवलंय.