रोल संपला हरिश्चंद्रगडावर

खुबी फाट्याला एसटीतून उतरलो, तेव्हा सगळ्यांचे मोबाइल प्लास्टिकच्या पिशव्यांत गेले होते आणि माझ्या गळ्यात निकोनॉस, माझा रोलचा कॅमेरा, उघडाच लटकत होता. मिरवत होतो, खोटं कशाला बोलू.

हा कॅमेरा ठरवायला चार महिने घातले. आधी पाच मीटर पाण्यात चालणारा एक कॉम्पॅक्ट डोक्यात होता. फोकस, उजेड सगळं तोच सांभाळतो, पण बॅटरी मेली की नुसता ठोकळा. निकोनॉस-५ हा १९८४चा, पाणबुड्यांसाठी केलेला, पन्नास मीटर खोल नेता येतो. बॅटरी संपली तरी एम-९०वर, म्हणजे बॅटरीशिवाय चालणाऱ्या एकाच वेगावर (सेकंदाचा नव्वदावा भाग), शटर पडतंच. तिथेच भाळलो. फोकससाठी अंतर नजरेने अंदाजून लेन्सची खुंटी फिरवायची, हे कळूनही घेतला. धुक्यात समोरचा दगड पाच फुटांवर की दहा, तुम्हीच सांगा!

तोलार खिंडीपर्यंतची चढण चिखल आणि जळवा, बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

केदारेश्वराच्या गुहेत मात्र पैसे वसूल. कमरेएवढं बर्फगार पाणी, मधोमध पिंड, चारातला एकच खांब शाबूत. पाण्याखालच्या चौथऱ्याच्या कडेवर कॅमेरा अर्धा बुडवून टेकवला, शटर 'बी'वर ठेवून (बटण दाबलेलं असेपर्यंत ते उघडं राहतं) दात वाजवत चारापर्यंत मोजलं. मोबाइलवाले काठावरून बघत होते. तो छत्तिसावा, रोलमधला शेवटचा फोटो.

आता रोल बदलायचा, म्हणजे मागचं झाकण उघडायचं. पन्नास मीटरची ऐट तिथेच संपते. रबरी रिंगवर एक केस, एक वाळूचा कण राहिला तरी पाणी आत. धावत वरच्या एका झोपडीत शिरलो. मावशी चुलीवर भाकऱ्या थापत होत्या. हात पुसायला फडकं मागितलं, तर म्हणाल्या, "पाण्यात बुडवलाच होता ना? मग आता पावसाला काय भितो?"

उत्तर नव्हतं. छपरातून थेंब गळत होता, कॅमेऱ्यावर वाकून छत्रीसारखा उभा राहिलो, रिंग पुसली, नवा रोल घातला आणि घाईने झाकण लावलं. पिठलं-भाकरी मात्र निवांत खाल्ली. इतकी चवदार की दुसरी भाकरी न मागताच आली.

कोकणकड्यावर दहाच मिनिटं ढग फाटले. मी वेड्यासारखा फोटो काढत, फिल्म पुढे नेणारा लिव्हर ओढत राहिलो. आकडा पुढे सरकत होता, पण फिल्म सरकली की फिरणारी रिवाइंडची खुंटी फिरत नव्हती, हे बघायचं सुचलंच नाही. फिल्मचं टोक पलीकडच्या रिळात अडकलंच नव्हतं.

धुऊन आला तेव्हा दुसरा रोल टोकापासून टोकापर्यंत पारदर्शक होता. आत थेंबभरही पाणी शिरलं नव्हतं. त्या दहा मिनिटांचा माझ्याकडे एकच फोटो आहे, मित्राने प्लास्टिकच्या पिशवीतून काढलेला, धुरकट. त्यात कडा थोडाच दिसतो, मी कॅमेरा डोळ्याला लावून उभा आहे.