‘तात्पुरता’ या एका शब्दापायी

बँकेतल्या अधिकाऱ्यांनी धर्मादाय आयुक्त कार्यालयाच्या आदेशावरच्या ‘तात्पुरता’ या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल काढला, कागद माझ्याकडे सरकवला आणि ते म्हणाले, ‘‘मॅडम, हा शब्द इथे आहे तोवर मला काही करता येणार नाही.’’ संस्थेच्या खात्यावर नव्या विश्वस्तांच्या सह्या नोंदवून घेण्यासाठी त्या शाखेतली ती माझी चौथी फेरी होती. आमच्या संस्थेच्या खात्यात पैसे होते, ते कोणाला द्यायचे हे ठरलेले होते, आणि मणिपूरमधल्या दोन मदत छावण्यांत शिकवणाऱ्या शिक्षकांचे दोन महिन्यांचे मानधन थकले होते.

आमची संस्था नाशिकची, छोटी, सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली. ३ मे २०२३ रोजी मणिपूरमध्ये मैतेई आणि कुकी-झो समाजांत हिंसाचार उसळला आणि साठ हजारांच्या आसपास माणसे घरांतून उठवली गेली, तेव्हापासून आम्ही तिथल्या छावण्यांतील मुलांसाठी संध्याकाळचे वर्ग चालवतो. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेने परदेशी विकास-मदत ९० दिवसांसाठी थांबवली. आम्हाला तो पैसा थेट येत नव्हता, पण आमच्या मोठ्या देणगीदाराचा हात त्याच पैशावर चालत होता. मार्चमध्ये त्यांचे पत्र आले आणि आमचा पसारा आवरणे भाग पडले.

परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. वर्गात शिकवणाऱ्याचे मानधन त्यात धरले जात नाही. कार्यालयाचे भाडे, हिशेबनिसाचा पगार आणि विजेचे बिल मात्र धरले जाते. निधी आटला की भाडे तेवढेच राहते आणि टक्केवारी आपोआप वर चढते, त्यामुळे कॉलेज रोडवरचे कार्यालय सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. गंगापूर रोडला एका विश्वस्तांच्या घरातली पुढची खोली आम्ही घेतली. कर्मचारी कमी करणे, त्यांची देणी आणि ग्रॅच्युइटी चुकती करणे हे जड होते, पण आमच्या सीएंनी ते बिनबोभाट पार पाडले, म्हणून त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

पाच छावण्यांपैकी दोन ठेवायच्या, हा निर्णय मात्र आम्ही तीन बैठका घेऊन केला. खर्चाच्या दृष्टीने एकाच जिल्ह्यातल्या दोन छावण्या ठेवणे सोपे होते. आम्ही एक चुराचांदपूरची आणि एक बिष्णुपूरची ठेवली, म्हणजे एक कुकी-झो समाजाची आणि एक मैतेई समाजाची. आखडते घेताना एका बाजूचेच काम उरले, तर आपण कोणाचे, हे लोक आपल्याला विचारत नाहीत, ते ठरवून टाकतात. दोन्ही जिल्हे एकमेकांना लागून आहेत, तरीही एकच समन्वयक दोन्हीकडे जाऊ शकत नाही, कारण मधला पट्टा ओलांडणे कोणालाच सुरक्षित नाही. चुराचांदपूर मैतेईबहुल भागातल्या इम्फाळपासून जेमतेम साठेक किलोमीटरवर असूनही तिथले आमचे समन्वयक शेजारच्या मिझोराममधल्या ऐझॉलला विमानाने उतरून पुढे डोंगरातल्या रस्त्याने गाडीने जातात. हे पैसे वाया जातात असे आम्हाला कोणी ऐकवले की मला अजूनही राग येतो.

आता मूळ दुखण्याकडे येते. पसारा आवरताना आम्ही विश्वस्तांची संख्याही कमी केली. सचिवांनी मुलीकडे बेंगळुरूला जायचे ठरवून राजीनामा दिला, आणि खजिनदार काका त्याच्या आधी तीन आठवडे वारले. खात्यावर अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या चालत असत. मी नवी सचिव झाले आणि अंगात असलेल्या उत्साहाने दुसऱ्याच दिवशी बँकेला पत्र नेऊन दिले की जुने दोघे आता नाहीत, नव्यांच्या सह्या घ्याव्यात. बँकेने पहिले म्हणणे तत्परतेने मान्य केले आणि त्याच दिवसापासून खाते थांबवले. दुसऱ्या म्हणण्याला अडीच महिने लागले.

पहिल्या फेरीत सांगितले की ठराव जुन्या पत्त्याच्या लेटरहेडवर आहे, तो नव्या पत्त्यावर आणा. दुसऱ्या फेरीत नव्या पत्त्याचा पुरावा मागितला. घरमालकांचे संमतिपत्र नोटरी करून दिले. तिसऱ्या फेरीत शेड्यूल १ चा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या न्यास नोंदवहीचा, प्रमाणित उतारा मागितला, ज्यावर अर्थातच जुनीच नावे होती, कारण नवी नावे चढायला बदल अर्ज मंजूर व्हावा लागतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत हा अर्ज धर्मादाय कार्यालयाकडे करायचा असतो, आणि तो आम्ही आठव्या दिवशीच केला होता. २०१७ च्या दुरुस्तीने अशा अर्जाला आधी तात्पुरती स्वीकृती देऊन हरकती मागवण्याची सोय झाली आहे. हरकत आली नाही की तोच आदेश कायम होतो. ती स्वीकृती मला वेळेत मिळाली. मी विजयी मुद्रेने ती घेऊन गेले आणि पेन्सिलीचा तो गोल पाहून परत आले.

पाचव्या फेरीला समजले की प्रकरण ‘वर’ पाठवले आहे. वर म्हणजे कुठे, हे कोणी सांगेना. सहाव्या फेरीला ते अधिकारी बदलून गेले होते आणि नव्या अधिकारीबाईंनी सर्व विश्वस्तांना प्रत्यक्ष केवायसीसाठी बोलावले. आमचे अध्यक्ष ८१ वर्षांचे आहेत आणि त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. त्यांना रिक्षातून उतरवून शाखेच्या सात पायऱ्या चढवल्या, तर त्यांची १९९८ सालची नमुना सही आणि आजची थरथरती सही जुळेना. त्यांनी त्या टेबलावर बसून एकोणीस वेळा सही केली. मी मोजत होते, कारण दुसरे काही करण्यासारखे नव्हते.

त्याच संध्याकाळी चुराचांदपूरच्या शिक्षिकेचा फोन आला. तिने मानधनाचा विषयच काढला नाही. मुले विचारत आहेत की वर्ग बंद होणार आहे का, म्हणजे तसे असेल तर त्यांना आधी सांगते, एवढेच ती म्हणाली. मी तोवर दोन्ही ठिकाणचे मानधन माझ्या व अध्यक्षांच्या खात्यांतून, देणगी समजून, थेट पाठवायला सुरुवात केली. हे आधीच करायला हवे होते. मात्र असे करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे, की परदेशी देणगीच्या खात्यात देशातला रुपयाही टाकता येत नाही, त्यामुळे ही सरमिसळ चुकूनही होऊ देऊ नये.

सातव्या फेरीला मी भांडायचे सोडून लिहायला लागले. शाखेला लेखी पत्र दिले: कोणत्या नियमाने नकार दिला आहे, ते लेखी कळवावे. त्याची प्रत बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना पाठवली आणि पोच घेतली. रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत बँकेकडे तक्रार केल्यावर ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेल्या उत्तराने समाधान झाले नाही, तर लोकपालांकडे जाता येते, एवढे एक वाक्य मी पत्राच्या शेवटी साधेपणाने लिहिले होते. सव्विसाव्या दिवशी शाखेतून फोन आला. त्याच आठवड्यात हरकतीची मुदतही संपून आदेश कायम झाला होता, त्यामुळे नेमके कशाने काम झाले हे मला आजही माहीत नाही. पत्राने झाले, असे मी सगळ्यांना सांगते.

कोणाला असा बदल करायचा असेल, तर राजीनाम्याचा ठराव घाईने ‘आजपासून’ लागू करू नका. बँकेत नव्या सह्या नोंदल्या जाईपर्यंत राजीनामा देणाऱ्यांनी सही करत राहावे, असे ठरावातच लिहा. अगदी साधी ही गोष्ट, पण मला ती कोणी सांगितली नव्हती. परदेशी देणगीची नोंदणी असेल तर पदाधिकारी बदलल्याची सूचना एफसी-६ई अर्जाने आणि पत्ता बदलल्याची एफसी-६ए अर्जाने ४५ दिवसांत द्यायची असते. बँकेच्या धावपळीत पत्त्याचा अर्ज मी चाळिसाव्या दिवशी भरला. स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीचे सरकारी दर्पण पोर्टल आणि पॅन यांवरचा पत्ताही बदलावा लागतो. आणि लेटरहेड छापायची घाई करू नका, आमचे दोनदा छापून झाले.

खाते सुरू झाले त्या शुक्रवारी मी सर्वात आधी छावण्यांचे पुढच्या महिन्याचे मानधन पाठवले. तीन आठवड्यांनी कॉलेज रोडच्या जुन्या इमारतीच्या वॉचमनचा फोन आला, की मॅडम, बँकेचे पाकीट आले आहे. नवे चेकबुक होते, आणि त्यावर जुनाच पत्ता होता.