आप्पांच्या जीपला फ्युएल इंजेक्शन बसवलं, माझा अनुभव

आमची जीप एमएम ५४०, आप्पांनी म्हणजे माझ्या वडलांनी घेतलेली. शिरपूरच्या वर सातपुड्याच्या पायथ्याला आमचं शेत आहे, कापूस अन पपई, अन ही जीप त्या रस्त्यांवरच म्हातारी झाली. मूळ इंजिन २११२ सीसीचं पूजो डिझेल, त्याचा ब्लॉक क्रॅक झाल्यावर आप्पांनी कॉन्टेसा गाडीचं इसुझू १.८ पेट्रोल इंजिन टाकलं. इंजिन बदलायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी अन आरसीवर नोंद लागते, ते आप्पांनी तेव्हाच करून ठेवलं होतं, त्यामुळे कागदाचा त्रास मला झाला नाही. तुम्ही करणार असाल तर ते आधी करा.

इंजिन फार गोड आहे. १८१७ सीसी, खालच्या आरपीएमला पण ओढतं. पण कार्बोरेटरने, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या पद्धतीच्या भागाने, दोन गोष्टींसाठी जीव खाल्ला. एक म्हणजे आपल्याकडचा मे महिना. पारा ४४-४५ ला गेला की भर दुपारी गाडी दहा मिनिटं उभी केली तरी पाइपातलं पेट्रोल उकळून वाफ धरायची, मग सेल्फ मारत बसा. आप्पा सीटखाली गोणपाटाचा तुकडा अन पाण्याची कॅन ठेवायचे, गोणपाट ओलं करून इंजिनाच्या पेट्रोल पंपावर टाकायचं अन वाट बघायची. एकदा आग्रा रोडवर भर उन्हात दीड तास असेच उभे होते, त्यात त्यांना बीपीचा त्रास, त्या दिवशी मी ठरवलं की हे बदलायचंच, कार्बोरेटर काढून फ्युएल इंजेक्शन बसवायचं, म्हणजे कॉम्प्युटर ठरवेल तेवढंच पेट्रोल दाबाने फवारलं जातं.

दुसरं म्हणजे चढ. शेताच्या मागे नाला आहे, त्याचा काठ चांगलाच उभा. कार्बोरेटरच्या वाटीत फ्लोट असतो, तो पेट्रोलची लेव्हल सांभाळतो, पण गाडीच तिरपी झाली की वाटीतलं पेट्रोल एका बाजूला जातं, मग कधी जेटपर्यंत, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकापर्यंत, पोचतच नाही तर कधी सरळ ओव्हरफ्लो होऊन इंजिनात उतरतं अन गाडी काळा धूर टाकून बंद. अर्ध्या चढावर बंद पडलेली जीप रिव्हर्समध्ये खाली आणायची म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहिती.

धुळ्याला एक चाचा आहेत, आयुष्यभर कार्बोरेटर उघडले त्यांनी. त्यांनाच आधी विचारलं. ते म्हणाले बेटा, कॉम्प्युटरचं काम माझ्या हातचं नाही, पण इंजिन मला माहितीये, मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा नेणारे पाइप) मी उतरवून देतो, तू कर. हा धीर फार मोठा होता, कारण बाकी सगळ्यांनी सांगितलं होतं की त्यापेक्षा नवीन गाडी घे.

बाहेरच्या देशात रेडीमेड किट मिळतं, कार्बोरेटरच्या जागी बसणारी थ्रॉटल बॉडी (हवेची झडप), त्यातच इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे नोझल) अन त्यातच इसीयू (किती पेट्रोल मारायचं ते ठरवणारा कॉम्प्युटर). पण ती बहुतेक मोठ्या आठ सिलिंडरवाल्या इंजिनांचा विचार करून बनवलेली, वरून मागवण्याचा खर्च अन ड्युटी. मी स्पीडुइनो घ्यायचं ठरवलं. हा अर्डुइनो मेगा बोर्डावर चालणारा इसीयू आहे, त्याचं डिझाइन सगळ्यांसाठी खुलं आहे, अन लॅपटॉपवर ट्युनरस्टुडिओ नावाच्या सॉफ्टवेअरने ट्यून करता येतो. माझ्या मावसभावाने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, बोर्ड त्याने सोल्डर केला. थ्रॉटल बॉडी, आयडल व्हॉल्व्ह (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू ठेवणारा), इंजेक्टर अन वायरींचे कनेक्टर हे सगळं भंगारातल्या मारुतीच्या एमपीएफआय, म्हणजे मुळातच इंजेक्शनवाल्या, गाडीचं. भंगारातल्या गाडीची वायरिंग कापताना प्रत्येक कनेक्टरला वीतभर वायर ठेवून कापा, नाहीतर नंतर कनेक्टर शोधत फिराल.

इंजेक्टर किती मोठा हवा याचा हिशोब आधी केला. इंजिन ८८ हॉर्सपॉवरच्या आसपासचं, म्हणजे चार इंजेक्टरला प्रत्येकी मिनिटाला १५० सीसी पुरतात, मी २०० चे घेतले. मग एका सिलिंडरला पूर्ण हवा भरली तर इंजेक्टर साधारण १५ मिलिसेकंद उघडा ठेवावा लागतो, अन ६००० आरपीएमला इंजिनच्या दोन फेऱ्यांना मिळतात २० मिलिसेकंद. म्हणजे जागा आहे. आयडलला हाच आकडा अडीच-तीनवर येतो. हे कागदावर जमलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की होईल हे आपल्याच्याने.

मॅनिफोल्डचं काम धुळ्याच्या एमआयडीसीत. चारही पाइपांवर इंजेक्टरसाठी भोक पाडून अल्युमिनियमचे बॉस (इंजेक्टर बसायच्या बुशा) अर्गनने वेल्ड केले, तोंड व्हॉल्व्हकडे राहील असा तिरपा अँगल. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्लँज, म्हणजे इंजिनाला टेकणारी कड, वाकली, पट्टी ठेवून बघितलं तर मधून उजेड दिसत होता, तशीच बसवली असती तर तिथून हवा आत ओढली जाऊन आयडल कधीच लागलं नसतं. मशीनवर फेस मारून घेतला. सायलेन्सरच्या पाइपात वाइडबँड सेन्सरचा (धुरातल्या ऑक्सिजनवरून पेट्रोल कमी का जास्त ते सांगणारा) नट वेल्ड केला, बॉशचा एलएसयू ४.९, तो थोडा वरच्या अंगाला ठेवायचा म्हणजे पाइपात जमलेलं पाणी त्याच्यावर येत नाही.

पेट्रोलची लाइन मात्र अजिबात हलक्यात घेऊ नका. कार्बोरेटरला चार-पाच पीएसआय चालतं, इंजेक्शनला ३ बार लागतं म्हणजे ४३ पीएसआयच्या वर. जुना रबरी पाइप अन साधी क्लिप इथे चालत नाही, सुटला तर तापलेल्या एक्झॉस्टवर पेट्रोलचा फवारा उडेल. मी सगळा पाइप इंजेक्शनचा, आर ९ मार्किंगचा घेतला, कारण आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं अन जुनं रबर त्यात मऊ पडतं. इंजिन चालू न करता नुसता पंप दहा मिनिटं चालवला अन प्रत्येक जोडावर कोरा कागद फिरवला. एका जोडावर कागद ओला झाला. डोळ्याला काही दिसत नव्हतं तिथे. पंपाच्या रिलेला टिल्ट स्विच पण लावला, गाडी पलटली तर पंप बंद झालाच पाहिजे.

पहिला सेल्फ मारला त्या दिवशी घरचे सगळे अंगणात. गाडी चालू झाली, चार सेकंद चालली, फटकारे मारून बंद. परत तेच. लॅपटॉपवर बघितलं तर आरपीएम ९००, मग एकदम ४८००, मग शून्य, मग ३१००. इंजिन जागेवर अन आकडा नाचतोय. आप्पा बाजूला येऊन उभे राहिले, काय व्हयनं रे भो, म्हणाले, अन मला काही उत्तर देता येईना.

मी आरपीएमचा सिग्नल इग्निशन कॉइलच्या निगेटिव्हवरून घेतला होता, सोपं पडतं म्हणून. पण तिथे प्रत्येक ठिणगीला शेकडो व्होल्टचा झटका येतो अन त्याच्या लहरी उठतात, इसीयूला एका ठिणगीच्या तीन-तीन दिसत होत्या, त्या हिशोबाने तो पेट्रोल मारत होता. फिल्टर लावून बघितला, रेझिस्टर बदलून बघितले, आठ दिवस गेले त्यात. शेवटी सरळ मार्ग धरला, क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीवर दात्यांचं चाक. ३६ दाते अन त्यातला एक गाळलेला, त्या रिकाम्या जागेवरून इसीयूला क्रँक कुठे आहे ते कळतं. चाक लेझर कटिंगवाल्याकडून कापून घेतलं अन लेथवर पुलीला सेंटर करून बसवलं, दाते मोजणाऱ्या हॉल सेन्सरची गॅप फीलर गेजने १ मिलिमीटर. सेन्सरची वायर शील्डवाली (वरून जाळीचं आवरण असलेली) घेतली, शील्ड फक्त इसीयूच्या बाजूला अर्थ केली, दुसरं टोक मोकळं. प्लगच्या वायरींपासून लांब, बल्कहेडच्या दुसऱ्या कडेने नेली.

तरी अधूनमधून आकडा उडायचा. तेव्हा मावसभावाने मीटर घेऊन इंजिन अन बॅटरीच्या निगेटिव्हमधला व्होल्टेज मोजला, पंप अन फॅन चालू करून. जवळपास अर्धा व्होल्ट! जीपची जुनी अर्थिंगची पट्टी, तिच्या लगखाली (बोल्टला लागणाऱ्या टोकाखाली) रंग अन गंज. आम्ही बॉडीला, चेसिसला अन इंजिनला वेगळ्या जाड केबल टाकल्या, लगखालची जागा घासून पांढरी केली, अन सगळ्या सेन्सरचा अर्थ बॉडीला न देता थेट इसीयूवर नेला. त्या संध्याकाळी आरपीएम ८५० वर असा बसला की मी दहा मिनिटं नुसता तो आकडा बघत होतो. जुन्या गाडीत इंजेक्शन टाकणाऱ्याला मी हेच सांगेन, बोर्ड नंतर घ्या, आधी अर्थिंग नवीन करा. माझे पंधरा दिवस त्यातच गेले.

ट्युनिंगचं लोकांना फार वाटतं पण मला त्यात मजा आली. टेबलमध्ये १६ गुणिले १६ चौकोन, एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्डचा दाब, अन चौकोनातल्या आकड्यावरून पेट्रोल ठरतं. मी चालवायचो, मावसभाऊ मांडीवर लॅपटॉप घेऊन बाजूला, शिरपूर ते पळासनेर जाऊन येऊन. पुस्तकात हवा अन पेट्रोलचं १४.७ ला १ असं प्रमाण (एएफआर) दिलेलं असतं पण ते शुद्ध पेट्रोलचं, २० टक्के इथेनॉलला ते साडेतेराच्या जवळ येतं, म्हणून मी एएफआर सोडून लॅम्डावर ट्यून केलं, त्यात कुठलंही पेट्रोल असो १ म्हणजे बरोबर, त्याखाली म्हणजे पेट्रोल जास्त, चढावर जोर लागताना ०.८८. तेवढं कळलं की गोंधळ होत नाही.

अन मग नाल्याचा चढ. ज्याच्यासाठी सगळं केलं तो. पहिल्या गिअरमध्ये लो रेंज टाकून चढवली, निम्म्यावर गेली अन बंद. मला रडू यायचं बाकी होतं. टाकी निम्मी भरलेली, फ्यूज ठीक, खाली सपाटीवर आणली की लगेच चालू. प्रेशर गेज काचेसमोर चिकटवून परत चढवली तेव्हा दिसलं, ३ बारचा काटा थरथरला अन एकदम शून्यावर. टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, गाडी तिरपी झाली की पेट्रोल एका कोपऱ्यात अन पंप हवा ओढतो. कार्बोरेटरच्या वाटीत निदान थोडं पेट्रोल शिल्लक असायचं, तेवढ्यावर इंजिन काही सेकंद काढायचं. इंजेक्शनमध्ये तशी शिल्लक नाही, पंपाने हवा घेतली की इंजिन त्याच क्षणी गेलं. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

उपाय म्हणजे सर्ज टँक. दीड लिटरचा उभा डबा अल्युमिनियमचा बनवून घेतला. टाकीतून साधा कमी दाबाचा पंप डब्यात पेट्रोल टाकतो, डब्याच्या तळातून मोठा पंप इंजेक्टरला देतो, दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरकडून उरलेलं पेट्रोल परत डब्यात, अन डब्याच्या वरच्या तोंडातून जास्तीचं पेट्रोल अन हवा टाकीत. टाकीचा पंप मिनिटभर हवा खात बसला तरी डब्यात दीड लिटर असतंच. बसवून झाल्यावर त्याच चढावर मध्येच गाडी उभी केली, हँडब्रेक लावून पाच मिनिटं आयडलवर ठेवली. काटा हलला नाही. मग दोनदा चढवली, तिसऱ्यांदा आप्पांनी चढवली.

डिसेंबरात तोरणमाळला नेली. खाली आमच्याकडे किल्ली फिरवल्यावर इंजिन बंद असताना दाबाचा सेन्सर ९९ किलोपास्कल दाखवतो, वर यशवंत तलावापाशी ८८ दाखवला. म्हणजे हवाच तेवढी विरळ. आधी इथे आलो की कार्बोरेटर तेवढंच पेट्रोल ओतायचा अन प्लग काळे पडायचे, आता इसीयू स्वतः कमी करतो. घाट उतरून शहाद्याला प्लग काढून बघितला, विटकरी रंगाचा, कोरडा.

उन्हाळ्याची परीक्षा राहिली होती. एप्रिलच्या शेवटी भर दुपारी गाडी तापवून उभी केली, वीस मिनिटांनी सेल्फ मारला. पहिल्या झटक्यात चालू, वाफ धरायचं नाव नाही, कारण दाबाखालचं पेट्रोल सहज उकळत नाही अन सारखं फिरतं राहतं. पण अर्धा मिनिट इंजिन मिसिंग करत होतं. लॉग बघितला तर हवेच्या तापमानाचा सेन्सर ७१ डिग्री सांगत होता. तो मी मॅनिफोल्डवर बसवलेला, बॉनेटखाली उभ्या गाडीत तो भाजून निघायचा, इसीयूला वाटायचं हवा गरम अन पातळ आहे अन तो पेट्रोल कमी करायचा. सेन्सर काढून एअर फिल्टरच्या पाइपात लावला, तिथे बाहेरची ताजी हवा लागते. मॅनिफोल्डचं भोक बोल्ट अन वॉशरने बंद केलं.

घरच्या वहीत खर्च एकसष्ट हजार लिहिलाय, त्यात चाचांनी मजुरी घेतलीच नाही. मे मध्ये आप्पा एकटेच धुळ्याला जाऊन आले, दवाखान्यात दाखवायला, येताना नरडाण्याला चहाला थांबले. तिथून फोन केला मला. म्हटलं काय झालं? म्हणाले काही नही, बंद करीसन परत चालू करी दखी, व्हयनी.