गिअर्ड हेड, भाग ४: देवयानी गोल, मृग मात्र लांबट

मंडळी, ट्रॅकरवरून (ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा वळवणाऱ्या यंत्रावरून) टिपलेले मृगाचे तारे अखेर गोल आले! १३५ मिमी लेन्स, दोन-दोन मिनिटांच्या चाळीस फ्रेम, त्यातल्या सदतीस ठेवण्याजोग्या. गेल्या भागात मी लिहिलं होतं की गिअर्ड हेड (ट्रायपॉडवरचं, दात्यांच्या चाकांनी बारीक हलवता येणारं डोकं) आलं, आता पोलर अलाइनमेंटची, म्हणजे ट्रॅकरचा अक्ष आकाशाच्या ध्रुवबिंदूवर रोखण्याची, कटकट मिटली. ते घाईचं होतं. मधले तीन आठवडे या हेडने मला रडवलं.

आधीचं बॉल हेड (गोळ्यावर फिरणारं) का सोडलं ते परत सांगत नाही. नॉब आवळताना ध्रुव रेटिकलमधून (पोलर स्कोप या ट्रॅकरवरच्या छोट्या दुर्बिणीतल्या खुणेच्या वर्तुळातून) निसटतो, हे आपण सगळ्यांनी भोगलंय. गिअर्ड हेडवर ध्रुव हवा तिथे आणून ठेवणं खरंच सुखाचं आहे. नॉब बोटभर फिरवला की तारा केसभर सरकतो.

पण वेल्ह्याच्या माळावर त्याच रात्री, त्याच अलाइनमेंटवर देवयानी दीर्घिका सुरेख आली आणि मृगातला तेजोमेघ लांबट. आधी ट्रॅकरच्या मोटारीवर संशय घेतला. मग फ्रेम नीट पाहिल्या: मोटार चुकली तर रेघ पूर्व-पश्चिम पडते, माझी पडत होती उत्तर-दक्षिण. म्हणजे अक्षच ढळलेला. आकडेमोड केली. अक्ष एक कला (अंशाचा साठावा भाग) चुकला तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त पाव विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) सरकतो. माझ्या सेन्सरवर एक पिक्सेल म्हणजे सहा विकला, आणि दोन मिनिटांत रेघ तीन पिक्सेलची. हिशोब अर्ध्या अंशाच्या वर गेला! ध्रुव खऱ्या ध्रुवबिंदूपासून जेवढा दूर आहे, जवळपास तेवढी चूक.

रविवारी दुपारी गच्चीवर पोलर स्कोप लांबच्या मोबाइल टॉवरच्या टोकावर लावला आणि कॅमेरा हाताने सावकाश वळवला. लेन्स उत्तरेकडे झुकलेली असेपर्यंत टोक जागचं हललं नाही. लेन्स मागे दक्षिणेकडे कलली आणि हेडमधून बारीक ‘टक्’ आवाज आला, टोक वर्तुळाबाहेर. परत उत्तरेकडे, परत टक्. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच.

गिअरच्या दात्यांमधली मोकळी जागा, बॅकलॅश. विक्रेत्याने छातीठोक सांगितलं होतं की या हेडमध्ये तो अजिबात नाही. पण निम्मी चूक माझी होती. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून अवघा साडेअठरा अंशांवर, त्यामुळे ट्रॅकरचा अक्ष जवळजवळ आडवा आणि कॅमेरा उत्तरेला बाहेर लटकतो. ते वजन हेडला झेपावं म्हणून मी आर्का प्लेट (हेडच्या क्लॅम्पमध्ये पुढे-मागे सरकणारी पट्टी) मागे सरकवून तोल अगदी काट्यावर आणला होता. तिथेच घोळ झाला. तोल काट्यावर असला की लेन्स जराशी वळली तरी भार दात्यांच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जातो. देवयानीला लेन्स उत्तरेकडे झुकते, मृगाला मागे येते. कोडं सुटलं.

आता प्लेट चार सेंटिमीटर पुढे घेतली, म्हणजे कॅमेरा कुठेही वळला तरी भार कायम उत्तरेला. अलाइनमेंट कॅमेरा चढवल्यावरच. आणि शेवटचा फेरा नेहमी खालून वर. ध्रुव जागेच्या पुढे गेला तर पुरता खाली आणून पुन्हा चढवायचा, मागे-पुढे चाळवत बसायचं नाही. एवढ्यावर सदतीस फ्रेम मिळाल्या.

हेड निवडताना मॅनफ्रोटो ४१० का नको, असं दोघांनी विचारलं होतं. ५ किलो भार पेलतं, पण स्वतः १.२ किलोचं आहे आणि त्याची प्लेट आर्का पद्धतीची नाही. मला प्लेट पुढे-मागे सरकवता येणं जास्त मोलाचं वाटतं, या प्रकरणानंतर तर फारच. क्लॅम्प मात्र स्क्रूचाच घ्या, लिव्हरचा नको. प्लेटची रुंदी थोडी वेगळी असली की लिव्हर धड धरत नाही.

पुढे हेडऐवजी इक्वेटोरियल वेज (अक्ष ध्रुवाकडे रोखण्यासाठीचा खास पाया) घ्यायचा विचार होता, पैसेही बाजूला काढले होते. पण हे लिहिता लिहिता सुचलं: सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी हेडच्या पुढच्या कडेपासून ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला ताणून बांधली, तर दाते कायम एकाच बाजूला दाबून राहतील आणि प्लेट पुन्हा मागे घेता येईल. फक्त ट्रायपॉड त्या ताणाने वाकता कामा नये. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे ट्यूब मिळेल. उद्या गच्चीवर टॉवर लावून बघतो, जमलं तर अमावास्येला वेल्ह्याला. वेजचे पैसे तोवर तसेच राहू देत.