आमची वाटचाल : ३४ पॉइंटचा फुगा

आमच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या पहिल्या चार वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. कामं येत होती, बिलं निघत होती. पाचव्या वर्षी मात्र सहा स्प्रिंटमध्ये (स्प्रिंट म्हणजे कामाची ठरावीक मुदतीची फेरी) कंपनी बुडायच्या बेताला आली.

दोन आठवड्यांचा स्प्रिंट, सात जणांची टीम, तक्त्यावर व्हेलॉसिटी सलग ३४. कामाचा आकार अंदाजाने पॉइंटमध्ये मोजायचा, आणि एका स्प्रिंटमध्ये जितके पॉइंट पुरे होतात ती व्हेलॉसिटी. कोड लिहून झाला की कार्ड ‘डन’मध्ये जायचं आणि टेस्टिंग पुढच्या स्प्रिंटला. हे साचलेलं टेस्टिंग एकदम अंगावर आलं आणि रिलीज अडकलं. डेफिनिशन ऑफ डनला, म्हणजे काम पुरं कधी म्हणायचं या ठरलेल्या कसोटीला, उतरलेल्याच स्टोरीज (कामाचे छोटे तुकडे) मोजल्या, तेव्हा खरी व्हेलॉसिटी निघाली १९. बॅकलॉगमध्ये, म्हणजे उरलेल्या कामांच्या यादीत, १९० पॉइंट शिल्लक. ३४ने सहा स्प्रिंट लागले असते, १९ने दहा. म्हणजे आठ आठवड्यांचा घोळ, तोही आम्हीच घातलेला.

त्यातच एका स्पर्धकाने आमच्या मोठ्या ग्राहकाला पक्की किंमत आणि पक्की तारीख देऊन टाकली. बॅकलॉग न बघता ती तारीख कुठून काढली, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. स्प्रिंटमध्ये घेतलेलं काम हा अंदाज असतो; आम्ही ज्या स्क्रम पद्धतीने काम करतो तिच्या अधिकृत पुस्तिकेने, स्क्रम गाइडनेही, २०११मध्ये तिथला ‘कमिटमेंट’ शब्द बदलून ‘फोरकास्ट’ केला. पण विक्रीच्या मीटिंगमध्ये हे कोण ऐकून घेतं? ग्राहक गेला.

दुसरा ग्राहक टिकला तो त्यांच्या प्रॉडक्ट ओनर, म्हणजे कोणतं काम आधी हे ठरवणाऱ्या, बाईंमुळे. प्लॅनिंग पोकरचा, म्हणजे प्रत्येकाने आकड्याचा पत्ता टाकून कामाचा अंदाज सांगायच्या खेळाचा, तो जोड अजून ड्रॉवरमध्ये आहे, १३चे पत्ते सगळ्यांत मळलेले. ‘इन्व्हॉइस पाठवणे’ या स्टोरीवर एकाने ५ टाकला, एकाने १३. अशा वेळी दोन टोकांनी आधी बोलायचं असतं. १३वाला म्हणाला, ‘‘क्रेडिट नोट धरली आहे.’’ ५वाल्याच्या डोक्यात ती, म्हणजे दिलेल्या बिलाची रक्कम कमी करणारी नोट, नव्हतीच. बाई म्हणाल्या, ‘‘महिन्याला चार निघतात हो, त्या आम्ही हाताने करू.’’ स्टोरी तिथेच फुटली : इन्व्हॉइस ५, क्रेडिट नोट ८ आणि ती बॅकलॉगच्या तळाला.

कोणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. पॉइंटचे तास करू नका. केले की लोक तास सांभाळायला आकडे फुगवतात. दोन टीमची व्हेलॉसिटी शेजारी मांडू नका, एकीचे ५ म्हणजे दुसरीचे ८ असू शकतात. ग्राहकाला एक तारीख देण्याऐवजी मागच्या काही स्प्रिंटमधल्या सगळ्यांत कमी आणि सगळ्यांत जास्त व्हेलॉसिटीवरून दोन तारखा द्या. आणि डेली स्क्रमची, म्हणजे रोजच्या छोट्या बैठकीची, १५ मिनिटं डेव्हलपर्सची असतात. मालक तिथे बोलायला लागला की तो हजेरीपट होतो. मी बरीच वर्षं तेच करत होतो.

क्रेडिट नोटची ती ८ पॉइंटची स्टोरी अजून तळालाच आहे. बाई हातानेच करतात.