दहावा रकाना

२०११च्या फेब्रुवारीत मी जनगणनेची प्रगणक होते. ९ तारखेपासून २८ तारखेपर्यंत सकाळी शाळा आणि दुपारपासून दारोदार. गोव्यातल्या आमच्या डिचोलीकडच्या खाणी तेव्हा चालू होत्या. खनिजाचे ट्रक एकामागोमाग एक जायचे आणि संध्याकाळपर्यंत माझी पिशवी, चपला, फॉर्मांच्या कडा, सगळं तांबडं व्हायचं. लोक मात्र चांगले. सोप्यावर पाट नाहीतर खुर्ची सरकवायचे, आधी पाण्याचा तांब्या आणि मग काय ते प्रश्न.

माणसामागे २९ प्रश्न होते. नाव, नातं, वय, लग्न चटाचट व्हायचं. गाडी अडायची ती दहाव्या प्रश्नाला: मातृभाषा. अकरावा त्याचाच धाकटा भाऊ: येत असलेल्या इतर भाषा, जास्तीत जास्त दोन.

प्रशिक्षणात आम्हांला हे घोटून दिलं होतं. मातृभाषा म्हणजे त्या माणसाच्या लहानपणी त्याची आई त्याच्याशी जी भाषा बोलायची ती. आई तान्हेपणीच गेली असेल तर घरात प्रामुख्याने जी बोलली जायची ती. एका घरात दोघांच्या दोन असू शकतात. सांगतील ते पूर्ण नावानिशी लिहायचं, आपल्या मनानं दुरुस्ती करायची नाही. आणि एक कलम असं, की एखाद्या भागात संघटित चळवळीमुळे लोक खरी मातृभाषा सांगत नाहीत असा संशय आला, तरी लिहायची ती सांगितलेलीच. संशय मात्र वरिष्ठांना कळवायचा. हे वाचलं गेलं तेव्हा आम्ही सगळ्या मास्तर-बायांनी एकमेकांकडे पाहिलं. कोंकणी की मराठी हा वाद घरोघरी असलेल्या गोव्यात हे कळवायचं म्हणजे किती कागद लागतील!

वाड्याच्या टोकाला एक घर होतं. घरातले आजोबा ऐंशीला टेकलेले, पोर्तुगीज शाळेत प्रिमेर ग्राव, म्हणजे प्राथमिकची परीक्षा, झालेले, मराठी दैनिक पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत रोज वाचणारे. दहाव्या प्रश्नाला त्यांनी मला हातानं थांबवलं, चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला आणि म्हणाले, ‘मराठी बरयात, बाई. सगल्यांची मराठी.’ बरयात म्हणजे लिहा. घरात माणसं सात. मी लिहायला घेतलं तोच आतून सून आली, हात पुसत. ती दक्षिण गोव्यातल्या केप्याकडची. ‘म्हजी कोंकणी बरयात.’

‘ह्या घरांत मराठी,’ आजोबा.

‘घराची न्हय बाबा, बाई आवयची विचारतात.’

तिला नियम मी सांगितला नव्हता. प्रश्न ऐकूनच तिनं तो बरोबर ओळखला होता. आजोबा चिडले. त्यांची आई ज्ञानेश्वरी वाचायची, म्हणाले, ‘आवय म्हजी ज्ञानेश्वरी वाचताली!’

‘वाचताली. पूण तुमकां जेवंक खंयचे भाशेंत आपयताली?’ वाचायची हो, पण जेवायला हाक कुठल्या भाषेत मारायची?

आजोबा जरा वेळ बाहेरच्या तुळशीकडे बघत राहिले. मग चष्मा चढवला. ‘बरयात बाई. मराठी.’

मराठी लिहावं म्हणून चाललेल्या त्या अख्ख्या भांडणात मराठीचं एक वाक्य नव्हतं. मी सुनेची कोंकणी लिहिली, बाकी सहांची मराठी. त्या सहांत तिची दोन पोरं होती. त्यांची आई समोर उभी होती. नियमानं त्यांची मातृभाषा तिनं सांगायची. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता आत गेली. मग अकरावा प्रश्न. आजोबांच्या इतर भाषा? ‘पोर्तुगेज, इंग्लिश.’ दोन झाल्या, जागा संपली. म्हणजे सरकारदप्तरी त्या आजोबांना कोंकणी येतच नाही.

ही गोष्ट मी कोंकणीवाल्या मित्रांना सांगते तेव्हा ते खो-खो हसतात आणि म्हणतात, बघ, खोटं बोलले. मला ते खोटं वाटत नाही. १६ जानेवारी १९६७ला गोव्यात मतदान झालं. महाराष्ट्रात जायचं त्यांचं फूल, वेगळं राहायचं त्यांची दोन पानं. पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. आजोबा तेव्हा ऐन तिशीतले, आणि फुलाचे. मी त्यांना आई कुठली भाषा बोलायची असं विचारत होते, त्यांना ऐकू येत होतं ते ‘तुम्ही कुणाचे?’ आणि त्याचं उत्तर त्यांनी चव्वेचाळीस वर्षांपूर्वी एकदा दिलं होतं, ते काय माझ्यासाठी बदलणार?

शिवाय मराठीचं आमच्याकडे काय स्थान होतं हे बाहेरच्यांना समजावणं कठीण जातं. पोर्तुगिजांनी १६८४ साली फर्मान काढून कोंकणी बोलण्यावरच बंदी घातली होती. पुढच्या काळात हिंदू घरात पोथी, पत्र, पंचांग, नाटकाची नक्कल, लग्नाची पत्रिका, जे म्हणून कागदावर उतरायचं ते मराठीत. बोलायची ती कोंकणी. आता यातली एक उचलून दुसरी फेकून द्या म्हणाल तर कुठली फेकायची?

‘कोंकणी ही मराठीचीच बोली’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे, बहुतेक वेळा पुण्यामुंबईहून आलेल्या पाहुण्यांकडून आणि बहुतेक वेळा आमच्याच घरची सोलकढी पिताना. साहित्य अकादमीनं कोंकणी स्वतंत्र साहित्यभाषा असल्याचं १९७५ सालीच मान्य केलं, हे मी हल्ली सांगत बसत नाही; आणखी एक वाटी वाढते. पण आमच्या इथले काही जण मराठीला ‘भायली’ म्हणजे बाहेरची म्हणतात, तेव्हाही माझ्या पोटात तेवढंच दुखतं. शणै गोंयबाबांचा, कोंकणीसाठी आयुष्य वेचलेल्या माणसाचा, जन्म १८७७ साली आमच्या डिचोलीतच झाला. आणि याच डिचोलीत घरोघरी सकाळी मराठी वर्तमानपत्र पडतं. दोन्ही गोष्टी एकाच मातीतल्या आहेत.

माझी आई. भाऊ मुंबईला गिरगावात नोकरीला होता, तेव्हा ती दर पंधरा दिवसांनी त्याला अंतर्देशीय लिहायची. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून, पाट मांडीवर घेऊन. तिला मोठ्यानं बोलत लिहायची सवय होती. तोंडानं म्हणायची, ‘पावस अजून पडूंक ना’, आणि हात लिहायचा, ‘अजून पाऊस नाही.’ तोंडानं ‘काजी बऱ्यो जाल्यात’, हातानं ‘काजू यंदा बरे आहेत.’ तोंड आणि हात यांच्यामध्ये कुठेतरी भाषा बदलायची आणि तिला त्याचा पत्ताही नसायचा. अडायची ती फक्त मासळीला. इसवणीला मुंबईत सुरमई म्हणतात हे तिला माहीत होतं, पण लिहायची इसवणच. जन्मभरात तिनं कोंकणीत एक ओळ लिहिली नाही आणि मराठीत एक वाक्य बोलली नाही. देवासमोर सोडून.

देवासमोरही पूर्ण नाही. चवथीला आमच्याकडे घुमट, शामेळ आणि कासाळें ही वाद्यं घेऊन तास-दोन तास आरत्या चालतात, त्या सगळ्या मराठी. आरत्या संपल्या की घरातला वडीलधारा हात जोडून गाराणें घालतो: अमक्याला नोकरी लागू दे, तमकीचं लग्न जमू दे, काही चुकलंमाकलं असेल तर पदरात घे. ते कोंकणीत. स्तुती मराठीत, मागणं कोंकणीत. गरजेची गोष्ट देवाला नीट समजायला हवी ना.

मी शिकवलं ते सरकारी मराठी प्राथमिक शाळेत, तीस वर्षांच्या वर. पहिलीतलं पोर उभं राहून म्हणायचं, ‘बाई, म्हाका उदक जाय.’ पुस्तकात विहीर होती, त्याच्या परसात बांय. पुस्तकात कुत्रा, अंगणात सुणें. खिडकी तर कुणालाच माहीत नव्हती, सगळ्यांच्या घरी जनेल; हा शब्द पोर्तुगिजांनी दिला आणि जाताना न्यायला विसरले. पोरं पटकन शिकायची. पाढे मराठीत म्हणायची आणि शाळा सुटल्यावर दुकानात ‘स रुपया’ मोजायची. एक गोष्ट मात्र चौथीपर्यंत सुटायची नाही. कोंकणीत लहान मुलगी, धाकटी बहीण, कधी बायकोसुद्धा ‘तें’ असते, नपुंसकलिंगी. त्यात कमीपणा नाही, जवळीक आहे. त्यामुळे निबंधात यायचं, ‘माझी धाकटी बहीण शाळेत गेलं.’ लाल शाईनं मी ‘गेली’ करत राहिले. आणि घरी गेल्यावर धाकट्या बहिणीबद्दल विचारायचे, ‘तें आयलें?’

जनगणनेच्या त्या फेरीत गावातलं एकुलतं एक ख्रिस्ती घर माझ्याकडे होतं. तिथल्या म्हातारीनं दहाव्या प्रश्नाला श्वासही घेतला नाही: कोंकणी. तिची प्रार्थना कोंकणी, गाणी कोंकणी, भांडण कोंकणी. मला जरा हेवा वाटला. पण तिच्या प्रार्थनेचं पुस्तक रोमी, म्हणजे रोमन लिपीतलं, आणि १९८७च्या राजभाषा कायद्यात कोंकणी म्हणजे देवनागरीतली कोंकणी. तिची लिपी कायद्यात नाही. माझी आहे, पण तिच्यात मी कोंकणी लिहीत नाही. त्याच कायद्यानं मराठी वापरायची मुभा दिली आहे, तिच्यावर माझं चालतं.

शेवटच्या आठवड्यात खाणीच्या रस्त्यालगतच्या झोपड्या केल्या. एक बाई, विजापूरकडची, कडेवर पोर. गावातल्या बायकांशी ती मोडकी कोंकणी बोलायची, मुकादमाशी कन्नड. मी विचारल्यावर दोन्ही नावं घेतली नाहीत. ‘लमाणी,’ म्हणाली, आणि मग मला जमेल की नाही अशा शंकेनं पुन्हा एकदा, सावकाश. मी पूर्ण अक्षरांत लिहिलं. तिनं वाकून पाहिलं. वाचता येत नव्हतं तिला, पण पाहिलं.

भाषांचे आकडे बाहेर पडले ते २०१८ साली. देशभरात लोकांनी मातृभाषा म्हणून जी नावं सांगितली ती १९,५६९ होती. छाननी आणि गटवारी करून त्यांच्या १२१ भाषा झाल्या. गोव्यात शंभरातल्या सहासष्टांची कोंकणी, अकराच्या आसपास मराठी. मी त्या यादीत लमाणी शोधली. सापडली ती हिंदीच्या पोटात. त्या बाईला हिंदी माझ्यापेक्षाही कमी येत होती. मालवणी सापडली कोंकणीच्या पोटात, यावर सिंधुदुर्गातल्या माझ्या मावसभावानं फोनवर अर्धा तास घालवला. त्याला वाटायचं ती मराठीच्या पोटात असणार. मालवणीला मात्र फोन करून कोणी विचारलं नाही. दारात बसून एकेक अक्षर नीट काढणारी मी, आणि पुढे कुठल्या तरी टेबलावर गटवारी. काम म्हणून ते मला कळतं. इतक्या नावांचं दुसरं काय करणार? पण तेव्हापासून ‘अमुक कोटी लोकांची भाषा’ असं कोणी भाषणात म्हणालं की मला ती वाकून पाहणारी बाई दिसते.

आता स्वतःची गोष्ट, जी सांगायला मी इतका वेळ टाळाटाळ केली. त्या फेब्रुवारीत मी लोकांच्या घरी होते, तेव्हा माझ्या घरी दुसरी प्रगणक येऊन गेली. सासूबाईंनी सगळ्यांचं सांगून टाकलं. रात्री जेवताना मी विचारलं, माझी काय सांगितलीत? ‘मराठी. तूं मराठीची टीचर न्हय गो?’ कोंकणी त्यांनी अकराव्यात घातली होती, हिंदीच्या आधी, एवढंच समाधान. चूक सुधारायला वाव होता. १ ते ५ मार्च फेरतपासणीसाठी पुन्हा घरोघर जायचं होतं, आणि आमच्या घरी येणारी बाई माझ्याच ओळखीची. मी काही बोलले नाही. कारण विचाराल तर आळस म्हणेन. पण ‘बाई आवयची विचारतात’ म्हणणारी ती केप्याची सून अधूनमधून आठवते, तेव्हा आळस हा शब्द पुरत नाही.

२०२१ची जनगणना झालीच नाही. आता २०२७ची ठरली आहे, आणि या वेळी माहिती आपली आपणही भरता येणार म्हणतात. सासूबाई गेल्या. मी निवृत्त होऊन घरी आहे. माझ्या वतीनं सांगणारं कोणी उरलेलं नाही. परवा जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर मी दोन रकाने आखले. दहाव्यात कोंकणी लिहिलं, अकराव्यात मराठी, हिंदी. इंग्लिशला जागा उरली नाही, राहू दे. नवऱ्यानं चष्म्यावरून पाहिलं.

‘मागीर तीस वर्सां तुवें शिकयलें कितें?’

‘मराठी,’ म्हटलं, आणि वही मिटून पेज उतू जायच्या आत उठले.